आठ आकड्याचा दगड

‘बाई, तू मेहनत केली. तुले कोणी नाव ठेवणार नाही. पण आता दुसरंही काही पाहून ठेवू.’

हे वाक्य माझं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, हलक्या धानाचे कापलेले कडपे बांधीत, म्हणजे शेतात, पडले होते आणि पुतणी सांजच्याला बोरिंगवर बसून बूट धूत होती. पांढरे कॅनव्हासचे बूट, उजव्या अंगठ्याशी फाटलेले, आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती टाचेच्या खाचेतला मुरूम उकरत होती. माझं बोलणं ऐकून तिचा हात थांबला आणि लगेच पुन्हा चालू झाला. ‘बरं, काकाजी,’ एवढंच म्हणाली. तिनं वाद घातला असता, आदळआपट केली असती, तर मला रात्री झोप लागली असती. ते ‘बरं’ मात्र कानात अडकून बसलं. खाटेवर पडून मी मनाला समजावत राहिलो की यात चूक काय? खरं तेच बोललो, तिच्या भल्याचं बोललो. आणि तरी कूस बदलत राहिलो.

पहाटे पाचला दाराची कडी वाजली. पायात तेच बूट, अजून ओले.

आमच्याकडे पहाटे धावायचं म्हणजे आधी वाघाचा विचार करावा लागतो. घोडाझरीचं जंगल गावापासून लांब नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-ब्रह्मपुरीच्या या पट्ट्यात सरपणाला गेलेलं, मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस परत आलं नाही, असं ऐकायला पेपर उघडावा लागत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी पोरीनं पोलीस भरतीचं नाव काढलं तेव्हा वहिनीनं एकच अट घातली, ‘भाऊजी गाडी घेऊन मागं राहत असतीन, तरच जाजो.’ तेव्हापासून मी तिच्या मागे आहे. ती पुढे धावते, मी पहिल्या गिअरमध्ये गाडी ढकलत तिच्यावर उजेड धरतो. उजेडात हलणारी वेणी, तिच्या श्वासाचा भाता, बोडीच्या तळ्यावरून उठणारं धुकं, मधेच एखादी टिटवी ओरडून गेली की दोघांच्याही छातीत होणारं धस्स. चैत्रात मोहाचा वास इतका दाट असतो की तोंडात चव यावी. आश्विनात निसवलेल्या धानाचा ओला, दुधाळ वास येतो. हे सगळं मला त्या पोरीमुळे मिळालं. त्याआधी कित्येक वर्षं मी उगवता दिवस फक्त घाईत पाहिला होता.

रस्त्यावरच्या दगडांचा अर्थही मला तिनंच सांगितला. किलोमीटरचा मोठा दगड सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या पुढे गवतात लपलेले छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. पन्नाशीला आलो तरी मी त्या दगडांवर चपलेची माती झाडत होतो, बैल बांधत होतो. तिनं सांगितलं की प्रत्येक दगड दोनशे मीटरवर असतो. मोठ्या दगडापासून निघायचं आणि ‘८’वर थांबायचं, की झाले आठशे मीटर. पोरींना भरतीत तेवढंच धावायचं असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस, पुढे दहा-दहा सेकंदांनी गुण घसरत जातात. तळोधीकडे जाणारा आमचा खड्ड्यांचा रस्ता असा तिच्यासाठी मैदान झाला. ‘८’चा दगड एका जुन्या मोहाच्या अलीकडे होता. ती दगडाला हात लावायची, मी मोबाईलवरचं घड्याळ थांबवायचो, आणि घरी आल्यावर ती गोठ्याच्या चुना मारलेल्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहायची.

गावाचं म्हणाल तर गाव बोलतंच. बसथांब्याजवळच्या चहाच्या दुकानात सकाळी जी चार-सहा माणसं बसतात त्यांनी तिचं नाव ‘पोलिसीन बाई’ ठेवलं. ‘धावून धावून जाशीन कुठं, चुलीजवळच ना?’ हे त्यातल्या एका आजोबांचं ठरलेलं वाक्य. ट्रॅकपँट घालते म्हणून एक तक्रार भावापर्यंत आली. भाऊ मुकाट माणूस, त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात नागभीडच्या बाजारातून दुसरी ट्रॅकपँट आणली. या बोलण्यांनी पोरीचं काही बिघडलं असं मला कधी दिसलं नाही. उलट दुकान जवळ आलं की तिचा पाय लांब पडायचा. टोमणा मारणाऱ्याचं तोंड समोर असतं. त्याला पाठ दाखवता येते, मनात दोन शिव्या देता येतात, त्याच्यावरच्या रागाचं सरपण करून चूल पेटवता येते. मायेनं बोलणाऱ्याचं काय करायचं? रात्री ताटात भात वाढता वाढता आई म्हणते, ‘बाप्पा, किती वाळली वो तू.’ आत्या फोनवर म्हणते, ‘पोरगा चांगला हाय, शिंदेवाहीचा, दोन एकर ओलीत हाय. एकदा पाहून तर घ्या.’ आणि दोन वर्षं मागे गाडी चालवणारा काका बोरिंगजवळ येऊन म्हणतो, मेहनत केली तू. या माणसांना पाठ कशी दाखवायची? त्यांच्यावर रागावलं तर आपणच कृतघ्न ठरतो.

हे मला कळायला हवं होतं, कारण माझ्या बाबतीत हेच झालं होतं.

मी वीस वर्षांचा असताना मला ऑर्गन वाजवायचा होता. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, धान निघालं की नाटकांचे दिवस येतात. शंकरपटाच्या बैलशर्यती, मंडईची जत्रा, आणि रात्री बांधीत उभारलेला मंडप, खाली तणसावर बसलेलं अख्खं गाव. मला नटांपेक्षा मंचाच्या पुढ्यात बसलेला ऑर्गनवाला दिसायचा. नटाचा आवाज फाटायला लागला की तो स्वर कसा उचलून धरतो, विनोद पडला तर दोन पट्ट्या दाबून तो कसा सावरून घेतो. वडशाच्या एका कंपनीतल्या वादकानं मला बसवून घ्यायची तयारीही दाखवली होती. बाबांना सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. ते खळ्यावर बसून बैलाच्या वेसणीला गाठ मारत होते. म्हणाले, ‘तुले आवडते ते मले माहीत हाय रे. पण आपलं घर पाय. तू समजदार हायेस.’ बस. मारलं असतं तर मी पळून गेलो असतो. ‘समजदार’ म्हटल्यावर घरीच राहिलो. बाबांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या साली पाणी गेलं होतं, घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, त्यांची भीती खोटी नव्हती. अजूनही एखादं नाटक बघताना माझी बोटं मांडीवर चालतात. शेजारी बसलेल्या बायकोला ते दिसतं आणि ती काही बोलत नाही.

आणि तरीही तेच वाक्य, तोच आवाज, माझ्या तोंडून निघाला. शब्द तेवढे वेगळे होते.

त्या ‘बरं’नंतरचे दिवस धान बांधायचे होते. भारा बांधताना हात चालू राहतो आणि डोकं मोकळं असतं, म्हणून असेल, मला एचएमटी हे धानाचं वाण काढणारे दादाजी खोब्रागडे सारखे आठवत होते. त्यांचं नांदेड गाव आमच्याच तालुक्यातलं. आमच्या बांधीत एचएमटी पिकतं, ताटात तेच असतं, म्हणजे दिवसातून दोनदा त्या माणसाचे कष्ट आम्ही खातो. दीड एकराचा धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ धानाच्या उभ्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर, बारीक दाण्याच्या. त्या त्यांनी खुडून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. मग पुन्हा निवड, पुन्हा लावणी. धानाचं वर्ष एकदाच येतं. एक चूक झाली तर ती सुधारायला पुढचा पावसाळा यावा लागतो. बियाणं म्हणण्याजोगं काही हाती लागायला त्यांना पाच-एक वर्षं गेली. एचएमटी हे नाव तर पुढे बाजारात पडलं, तेव्हाच्या गाजलेल्या मनगटी घड्याळावरून. मी विचार करत होतो तो त्या मधल्या वर्षांचा. तिसऱ्या वर्षी कुणी बांधावर उभं राहून विचारलं असतं, ‘काय झालं गा तुझ्या त्या लोंब्यांचं?’ तर दाखवायला काय होतं? सुपात मावेल एवढं धान. ज्याच्या पोटात लेकरांची भूक आहे अशा माणसानं दीड एकरातला एक तुकडा अशा गोष्टीला दिला, जी अजून कुणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हती. मी त्यांचा शेजारी असतो तर काय म्हणालो असतो? मायेनंच म्हणालो असतो, दादाजी, राहू द्या.

त्यांची गोष्ट पोरांना सांगताना मात्र माझी जीभ जड होते. एचएमटीनंतर त्यांनी आणखी वाण काढले, २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव आलं. लाखो एकरांत, कितीतरी राज्यांत त्यांचं धान पिकलं. आणि ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा घरात पैसा नव्हता, उपचारासाठी मदत गोळा करावी लागली होती. चिकाटी धर, सगळं मिळेल, असं मी कुणाला सांगू शकत नाही. दादाजींना सगळं मिळालं नाही. धान मात्र त्यांनी काढलं. कापणीच्या वेळी एचएमटीची लोंबी हातात घेऊन पाहा, नखाएवढाही नाही असा बारीक दाणा, एकाला एक चिकटून. त्या दाण्यात त्यांची ती न दिसणारी वर्षं आहेत.

पुतणीचा हिशेबही काही सोपा नव्हता. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या पुढे. शंभरात एक. जून महिन्यात, पावसाच्या उघडिपीत तिची मैदानी झाली. आठशे मीटर ३.१६ मध्ये, म्हणजे तीन मिनिटं सोळा सेकंदांत, चार किलोचा गोळा बरा गेला, शंभर मीटरला पाय घसरला. लेखीच्या यादीत नाव आलं नाही. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि मूल गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मूलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, ‘काकाजी, मी पुढच्या खेपेला अजून येतो.’ आमच्या बोलीत बाईमाणसंही ‘येतो’, ‘जातो’च म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द मला निराळा लागला.

तर ती भिंत. घरातलं सगळं वातावरण त्या भिंतीनं बदललं होतं. भरतीनंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे आकडे खाली खाली येत होते: ३.१४, ३.१२, ३.११, एप्रिलमध्ये ३.०९. त्या दिवशी वहिनीनं गुळाचा शिरा केला होता. मग मे महिन्यात रस्त्याच्या बाजूला मुरूम टाकायचं काम आलं, नंतर पऱ्हे, चिखलणी, रोवणी. पोरगी दोन महिने गुडघाभर चिखलात वाकलेली, धावणं बंद. पोळ्यानंतर पुन्हा सुरू केलं आणि भिंतीवर आकडा आला ३.३१. आम्ही म्हटलं, सुटलं आहे, येईल हळूहळू. ३.२८. ३.२५. दसऱ्याला ३.२४. दिवाळीच्या आदल्या दिवशी ३.२०, आणि तिथेच अडकलं. तीन-नऊवाली पोर तीन-वीसला येऊन थांबली. कुणाच्या मनात काय आलं ते कुणी बोललं नाही, पण भावानं भिंतीकडे बघणं सोडलं. आत्याचे फोन वाढले. वहिनी म्हणाली की पोरीचं अंग भरायच्या वयात अंग मोडलं. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. आकडा सांगत होता की हिचा दम संपत चालला आहे. म्हणून तर बोरिंगजवळ गेलो होतो.

ती मात्र रोज कोळशानं लिहीत होती. ३.२०. ३.२१. ३.२०. अक्षर तेच, तितकंच ठसठशीत. वाईट आकडाही तिनं कधी बारीक लिहिला नाही.

कार्तिक सरता सरता एक दिवस मी बैलांसाठी गवत कापायला रस्त्याच्या कडेला गेलो. मुरूम पहिल्याच पावसात खचला होता, त्यावर गाजरगवत माजलं होतं. विळा खणकन वाजला. वाटलं गोटा असेल. गवत बाजूला केलं तर मुरमातून वीतभर दगड वर आलेला. वरचा चुना निघालेला, पण कोरलेल्या खाचेत काळा रंग होता. बोटानं माती काढली. ८.

मी मान वर करून मोहाकडे पाहिलं. मोह पुढे होता. बराच पुढे.

झालं होतं ते एवढंच. मुरमाच्या कामात दगड गाडला गेला. पोळ्यानंतर धावायला आलो तेव्हा अंधारात तो दिसला नाही, आणि मीच म्हणालो होतो, ‘मोहापाशीच होता ना दगड, मोहालाच हात लाव.’ कुणी मोजलं नाही. मी तसाच गावात गेलो, मिस्त्रीकडून तीस मीटरचा टेप मागून आणला, एका गुराख्याच्या पोराला एक टोक धरायला लावलं. दगडापासून मोहाच्या बुंध्यापर्यंत बासष्ट मीटर. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं. बासष्टच. म्हणजे पोळ्यापासून पोरगी आठशे बासष्ट मीटर धावत होती. भाताचा डबा तसाच बाजूला ठेवून मी मोबाईलवर त्रैराशिक मांडलं. तीन-वीस म्हणजे आठशेला तीन-सहाच्या आसपास. एप्रिलच्या तीन-नऊपेक्षाही पुढे. ती मागे गेलीच नव्हती. कापणी, भारे, पाहुणे, माझं समंजस बोलणं, या सगळ्यातून ती पुढे येत होती, आणि भिंतीवर आम्हाला ती खाली उतरताना दिसत होती.

तिला सांगायला मी सांजेची वाट पाहिली नाही. ती बांधीत भारे उचलत होती, तिथूनच घेऊन आलो. दगड दाखवला, टेप दाखवला. वाटलं होतं उडी मारेल. ती दगडाजवळ उकिडवी बसली. नखानं आठाच्या खाचेतली राहिलेली माती काढायला लागली. बराच वेळ काढत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे मी मांगं नोहती गेली.’

‘नाही, बाई.’

‘मले वाटे की मी कितीबी केलं तरी होत नाही. रात्री पाय दुखे तरी झोपेत धावो मी.’ आणि मग तिचे डोळे भरले. रागानं भरले. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ‘काकाजी, तुमी त्या दिवशी बोलाच्या आंधी मोजून काऊन नाही पाह्यलं?’

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. बाबांनी मला समजदार म्हटलं तेव्हा त्यांनीही काही मोजलं नव्हतं, आणि मीही त्यांना मोजायला लावलं नव्हतं. हे सगळं तिथं रस्त्यावर उभं राहून डोक्यात आलं, पण ते तिला सांगण्याची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, ‘चुकलं माझं.’ तिनं ओढणीनं तोंड पुसलं, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन मोठ्या दगडाकडे चालायला लागली. ‘आता पूर्ण मोजू,’ म्हणाली. तीस-तीस मीटरनं आम्ही काका-पुतणी अख्खं अंतर मोजत आलो. ‘८’ बरोबर होता, हातभराचा फरक.

त्या रात्री गोठ्यात दिवा घेऊन गेलो. भिंतीवरचे पोळ्यानंतरचे आकडे मी पुसायला निघालो होतो. तिनं नको म्हटलं. प्रत्येक आकड्याच्या शेजारी तिनं कोळशानं छोटंसं ‘मोह’ लिहिलं. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. तिला सेकंदांचं गणित समजलं की नाही कोण जाणे, पण चूल विझायच्या आत तिनं उद्यासाठी हरभरे भिजत घातले.

पहाटे धुकं होतं. गाडीचा उजेड दहा हातांच्या पुढे जात नव्हता. दगडाला मी आदल्या सांजेला चुना लावून ठेवला होता. मोठ्या दगडापाशी तिनं फाटक्या बुटाची लेस आवळली, दोनदा जागच्या जागी उडी मारली आणि मागे न बघता म्हणाली, ‘काकाजी, झोपू नका. दगडाले हात लागला की लगेच दाबजा.’

मी अंगठा घड्याळावर ठेवला.